अर्ध्या टेबलाचा भाव

जुन्या टेबलाचा खण बऱ्याच काळानं उघडला की आतून एक वास येतो. वाळलेली शाई, डिंक, कुणीतरी ठेवून विसरलेली लवंग, आणि ह्या सगळ्याच्या तळाशी सागवानाचा कडसर, तेलकट वास. तो नाकात गेला की माझे डोळे आपोआप मिटतात. सून म्हणते, "आई, गिऱ्हाईक उभं आहे. झोपू नका." मी झोपलेली नसते. मी किंमत करत असते. पण खुर्चीत मान कलंडलेल्या म्हातारीकडं बघून दुसरं कुणाला काय वाटणार? आणि खरं सांगायचं तर थोडी झोपलेलीही असतेच. आताशा माझं किंमत करणं आणि पेंगणं यांच्यामधला सांधा इतका गुळगुळीत झालाय, की नख फिरवूनही सापडत नाही.

शिरूरला आमचं जुन्या लाकडी सामानाचं दुकान आहे. घरगुती पलंग-बिलंग नव्हेत, ऑफिसचं सामान. कचेऱ्यांतली टेबलं, हाताच्या खुर्च्या, कप्प्याकप्प्यांची कपाटं, उभ्यानं लिहायची उतरती मेजं. सासऱ्यांनी ते सुरू केलं, नवऱ्यानं वाढवलं, तो गेल्यावर मी मिरवलं आणि आता सून चालवते. दौंड जंक्शन जवळ, त्यामुळं पूर्वी रेल्वेचं लिलावात निघालेलं सामान या भागात फार फिरायचं. साहेबाचं टेबल बैलगाडीत बसून खेड्यात जायचं. तिथं कुणी त्यावर गुळाच्या ढेपा रचायचं, कुणी बाळंतिणीचं सामान मांडायचं. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट वाया कशाला घालवायचा, म्हणून तो टेबलाच्या पायांना फासायची आमच्याकडं रीतच. त्यामुळं इथलं सागवान खरवडायला घेतलं की आधी निळा पोळा निघतो, मग लाल, मग पुन्हा निळा, आणि सगळ्यात खाली साहेब.

तिशीतली मी कशी होते म्हणाल, तर गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग. नजर घारीसारखी, भिंगाची गरज काडीची नाही. पण त्याच्याशिवाय आपण जाणकार दिसत नाही, अशी त्या बाईची समजूत होती. तिला 'मी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून 'ती बाई'च म्हणते. गिऱ्हाइकानं नुसतं टेबलाला टेकून घाम पुसला तरी ती बाई सुरू व्हायची.

"टेबलाचं तोंड बघू नका. तोंड खोटं बोलतं. खण बाहेर काढा, उलटा करा. कोपऱ्यात फळ्या कशा गुंतल्यात बघा, बोटांत बोटं घातल्यासारख्या. सगळ्या खाचा सारख्या मापाच्या असल्या तर यंत्रानं पाडल्यात. एक जाड, एक बारीक, एक जराशी वाकडी, तर हातानं. आता तळाला हात लावा. लागतात का लाटा? रंध्याच्या आहेत त्या. स्क्रूच्या डोक्यावरची चीर मधोमध नाहीये, दिसतंय? जुना स्क्रू. आणि उजव्या हाताला हे झिजलंय ना, इथं कारकुनाचं मनगट टेकायचं. डावीकडं झिजलं असतं तर कारकून डावखुरा."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आजही मी असंच बघते. फरक इतकाच, की आता मी बघते आणि गप्प बसते. ती बाई बघायच्या आधी बोलायची.

एकदा दुपारच्या वेळी एक शेतकरी टेम्पोत टेबल घालून घेऊन आले. पांढरा पायजमा, डोक्याला टोपी, चेहऱ्यावर काही न दाखवणारा मिस्कीलपणा. शिरूरच्या अलीकडं, सासुरवाडीच्या गावाला जमीन घेऊन राहिलेले. त्यांना फक्त एका खणाचं पितळी कुलूप उघडून हवं होतं, किल्ली हरवली होती. त्या बाईनं कुलूप बाजूला ठेवलं आणि भिंग डोळ्याला लावलं.

टेबल होतं बर्मा सागवानाचं. वरची फळी मधाच्या रंगाची, दोन्ही बाजूंना खणांच्या उतरंडी, मध्ये पाय घालायला जागा. फळीच्या तीन कडांना सुरेख गोलाई होती आणि चौथी, मागची कड मात्र सपाट. मागच्या बाजूला आंब्याची फळी ठोकलेली, तिच्यावर शिंगांचा निळा रंग. आणि त्या सपाट कडेशी लाकडात एक भोवरा होता, बैलाच्या कपाळावर केसांचा असतो तसा. पण अर्धाच. कडेवर येऊन तो थांबत होता.

"हे भिंतीचं टेबल," ती बाई म्हणाली. "साहेबाच्या खोलीत भिंतीला लावून ठेवायचं. म्हणून तर तीनच कडांना गोलाई आहे. पाठ कुणाला दिसत नाही, मग तिथं आंब्याची फळी. इंग्रज मोठा काटकसरी, आप्पा!"

आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. "भितीचं व्हय?"

"भिंतीचं. फार दुर्मिळ."

"आन् वहिनी, मला एक सांगा. अर्ध्याला किंमत असती का वो?"

"अर्धं कुठाय? पुरं आहे हे."

"तुमी म्हंता तर आसंल बाबा," आप्पा म्हणाले, कुलूप उघडून घेतलं आणि टेबल परत टेम्पोत घालून निघून गेले.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ते अर्धं टेबल होतं. समोरासमोर दोन बाबूंनी बसायचं, दोन्ही अंगांना खण असलेलं भलंमोठं टेबल कुणीतरी करवतीनं लांबीत मधोमध कापलं होतं. कापलेली बाजू म्हणजे त्या बाईची काटकसर. आंधळ्या माणसानं हात फिरवून सांगितलं असतं, पण तिच्या हातात भिंग होतं ना. पुढं कितीतरी वर्षं ती गिऱ्हाइकांना त्या दुर्मिळ भिंतीच्या टेबलाची गोष्ट सांगत होती, आणि ऐकणारे 'अरे वा' म्हणत होते. मला तर शंका आहे, की तालुक्यात दोन-चार माणसं त्या कौतुकापायी अजून भिंतीची टेबलं शोधत असतील.

यंदा ऊसतोड सुरू झाली आणि भीमेपलीकडच्या राहू गावाहून सुनेला फोन आला. एका आबांना टेबलाची किंमत करून हवी होती. मुलगा नवं स्लॅबचं घर बांधतोय, जुनं सामान काढायचंय, फोनवर टाकलेला फोटो बघून पुण्याचा एक व्यापारी रविवारी येणार आहे. पण आबा म्हणतात, आधी शिरूरच्या बाईंना दाखवा, त्याशिवाय हात लावू देणार नाही.

"तुमचं नाव अजून चालतंय की," सून गाडी काढत म्हणाली.

"नाव चालतंय, पाय चालत नाहीत. दार उघड."

न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडेपर्यंत मी जागी होते की नव्हते, सांगता येत नाही. उसाच्या ट्रॉल्या पुढं संथ डुलत होत्या. गाडीच्या काचेवर ऊन पेंगत होतं. पुलाखाली भीमा इतकी हलकी पसरली होती, की नदीनंच कूस बदलल्यासारखं वाटलं. मग गुऱ्हाळांचा पट्टा लागला आणि काकवीचा वास गाडीत येऊन बसला. मला वाटलं, सगळी जुनी टेबलं त्या उसाच्या फडांमधून हळूहळू चालत निघाली आहेत, खण उघडेच, आणि प्रत्येक खणात थोडं थोडं पाणी हलतंय. टेबलं कुठं निघाली होती ते कळायच्या आत सुनेनं ब्रेक मारला.

आबा ओसरीवर बसले होते. चांगले उंच, पण वय झाल्यावर घडी घालून ठेवल्यासारखे. खांद्यावर मोठा पांढरा रुमाल. टेबल ओसरीच्या टोकाला होतं आणि त्याच्याकडं बघून मला पहिल्यांदा आश्चर्य कशाचं वाटलं, तर ते उलटं ठेवलेलं. खण भिंतीकडं, पाठ माणसांकडं. आणि त्या पाठीला फळी नव्हती. कापलेलं सागवान उघडंच होतं. करवतीचे आडवे ओरखडे, उन्हावाऱ्यानं सगळे काळपट पडलेले.

"बसा बाई," आबा म्हणाले. "का आधी बघून घेता?"

मी बघितलं नाही. हात लावला. कडेवरून बोटं सरकवत नेली, आणि एका जागी बोटं थांबली. लाकडाच्या रेषा तिथं वळायला लागल्या होत्या. गोल, गोल, आणि कडेशी येऊन संपल्या. अर्धा भोवरा.

त्या भोवऱ्याचा दुसरा अर्धा भाग मी पाहिला होता. भिंगातून!

मला हसू आलं, आणि ते आवरेना. पदर तोंडात धरून मी ओसरीच्या पायरीवर बसले. सून घाबरली. "आई, काय झालं? पाणी देऊ का?"

"काही नाही गं. एक ओळखीची बाई आठवली. फार शहाणी होती."

आबा मात्र हसले नाहीत. ते माझ्या बोटांकडं बघत होते. "तुमाला कळलं म्हंजी," ते म्हणाले. "ह्ये अर्धं हाय."

मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.

"आमचा बा बैलांचा शौकीन. दौंडाच्या लिलावात ह्ये टेबल बघिटलं, तवा साऱ्यांनी लाकूड बघिटलं आन् बानं भवरा बघिटला. म्हनला, जनावर चांगल्या लक्षणाचं हाय. दात बघावं तसं सारं खण वढून बघिटलं आन् घिऊन आला. मी ह्या अंगाला आभ्यासाला बसायचो, धाकला त्या अंगाला. वर पुस्तक, आन् खालनं एकमेकाला लाथा. जेवनं झाली का बा त्या टेबलावर रुमाल टाकायचा आन् आमाला बैलबाजाराचा भाव शिकवायचा. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. तोंडानं न्हाई. तोंडानं सांगितला भाव बाजाराचा व्हतो म्हनायचा, बोटानं सांगितला दोघांचा ऱ्हातो."

"मग कापलं कुणी?"

"बा गेल्यावर वाटनी झाली. रीत ठावं हाय न्हवं? थोरल्यानं वाटं लावायचं, धाकल्यानं आदी उचलायचं. आन् त्यानं उचलस्तवर थोरल्यानं तोंड उघडायचं न्हाई, न्हाईतर म्हंत्यात फितवलं. म्या सारं दोन जागी लावलं. भांडी, बैलं, हिरीचं पानी. टेबल तेवढं मदी सोडलं."

"का?"

"दोघांचं ऱ्हावं म्हनून. एकाच्या वाट्याला गेलं तर दुसरा कशाला येतोय बसायला? पन त्याला वाटलं, थोरल्यानं टेबल दाबलं. आन् मला तर बोलायचं न्हवतं. त्यो उठला, सुतार घिऊन आला, आन् म्हनला, माझ्या बाजूचं मला द्या." आबांनी रुमालानं तोंड पुसलं. "करवत चालली तवा भुसा कसा उडाला म्हनून सांगू. मधावानी पिवळा."

"नंतर तरी सांगायचं होतं, आबा."

"नंतर म्हंजी कवा? नंतर लग्नात पंगत येगळी, मयताला मांडव येगळा. मी का सांगू, आन् त्यो का इचारू? आसंच ऱ्हायलं."

ओसरीपलीकडं मिक्सर सिमेंट घुसळत होता. मुलगा मजुरांवर हिंदीत ओरडत होता. आबा माझ्याकडं झुकले.

"बाई, मला ह्याची किंमत नगं. मला यवढंच सांगा, दुसरं अर्धं कुठं ऱ्हायलंय का त्याचं सरपन झालं. ऱ्हायलं आसंल तर मी ह्ये कुनाला हात लावू देनार न्हाई. नसंल तर घिऊन जाऊ द्या पुन्याला. नुसती कापलेली बाजू रोज कशाला बघू? लई बघिटली."

"मी पाहिलंय ते," मी म्हणाले. "पण तेव्हा केस काळे होते माझे. आता आहे का नाही, बघून यावं लागेल."

परतताना मी सुनेला कुलूप घेऊन आलेल्या आप्पांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "फोन नंबर काढून सरळ विचारू का त्या आप्पांना?"

"अगं, बैलाचे दात फोनवर बघतात का?"

आप्पांचं घर सापडायला वेळ लागला नाही. वेशीवर विचारलं, तर पानटपरीवाला म्हणाला, "कुठलं आप्पा? भितीच्या टेबलावालं का?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

टेबल पडवीत होतं, भिंतीला लावून. आंब्याची फळी तशीच, रंग मात्र आता हिरवा. वर शिलाईचं मशीन. बाजेवर बसलेले आप्पा म्हातारे झाले होते, तो मिस्कीलपणा मात्र तसाच. त्यांनी मला ओळखलं आणि टाळीच वाजवली.

"आरं देवा! वहिनी! इंग्रज मोठा काटकसरी!"

"पुरे, आप्पा."

"पुरे कसं? साऱ्या गावाला सांगितलंय म्या. पाव्हनं आलं का पोरं टेबल दाखिवत्यात. भिंग कुठाय तुमचं?"

"विकलं. दुर्मिळ होतं."

चहा झाला. मी जे ठरवून आले होते, ते मात्र बोलले नाही. सरळ सांगितलं असतं, की आबा विचारत होते, तुमच्यासाठीच मध्ये ठेवलं होतं, तर हा माणूस 'आसंल बाबा' म्हणून टोपी काढून पुन्हा घालणार आणि माझ्याबरोबर काहीच परत जाणार नाही, हे मला दिसत होतं. अडकलेला खण ओढून निघत नाही; आधी उलट आत ढकलावा लागतो.

"राहूला गेले होते," मी म्हणाले. "तुमच्या थोरल्यांचं अर्धं विकायला काढलंय. पुण्याचा व्यापारी रविवारी येणार. मी लिहून देणार आहे."

"काय लिवून देनार?"

"हेच, की भिंतीचं टेबल आहे. पुरं आहे. मूळचंच असं."

आप्पा बाजेवरून उठले. "पुरं?"

"हो. तुम्हीच म्हणाला होतात ना, तुमी म्हंता तर आसंल."

"वहिनी, डोळं हायती का कवड्या? भवरा बघिटला न्हवं? त्यो इथं हाय की उरलेला! ह्ये! ह्येला हात लावा!" त्यांनी शिलाई मशीन बाजूला ढकललं. "माझ्या अंगाबिगर पुरं म्हनून इकतोय व्हय? थोरलाच त्यो. तवा दाबलं आन् आता पुरं म्हंतोय!"

"दाबलं नव्हतं," मी हळूच म्हणाले. "मध्ये ठेवलं होतं. दोघांचं राहावं म्हणून. वाटे लावणाऱ्यानं बोलायचं नसतं ना."

आप्पा फळीवर हात ठेवून उभे राहिले. पडवीत शिलाईचं मशीन नुसतंच हलत होतं, मघाच्या धक्क्यानं. मग ते म्हणाले, "कुनी सांगितलं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाले, "आसू द्या. रविवारी येतो. त्या व्यापाऱ्याला दावतो पुरं कशाला म्हंत्यात."

सून गाडीत बसल्यावर म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात."

"मी कुठं? ती शहाणी बाई बोलली. पहिल्यांदाच उपयोगी पडली बिचारी."

रविवारी राहूच्या अंगणात पिकअप उभी राहिली. आप्पा पुढच्या सीटवर, टेबल मागं, शिलाई मशीन घरी. आबा ओसरीवरून उठले नाहीत. आप्पांनी ओसरीकडं बघितलं नाही. दोघांनी एकमेकांशी एक शब्द न बोलता मजुरांना दोन वेगवेगळ्या दिशांनी सूचना दिल्या, आणि टेबलाचे दोन भाग अंगणाच्या मध्यावर समोरासमोर उभे राहिले. पुण्याचा व्यापारी तरणा मुलगा होता, पांढऱ्या बुटांतला, बोलायला नम्र. तो दोन्हीभोवती फिरून फोटो काढत होता.

आप्पांच्या अर्ध्याची आंब्याची फळी काढायला हवी होती. स्क्रू ड्रायव्हर माझ्याच हातात आला. एकेक स्क्रू किरकिरत निघाला, सुनेनं फळी ओढली, आणि आतून तो वास आला. जुना नव्हे. ताजा. कालच कापल्यासारखा. मी वाकून बघितलं.

कापलेली ती बाजू पिवळीधमक होती. उजेड नाही, वारा नाही, हात नाही. फळीमागं ती जशी बंद झाली, तशीच तरुण राहिली होती. कोपऱ्यात चिमूटभर भुसा होता, मधाच्या रंगाचा. आणि समोर आबांची बाजू, तीच करवत, तोच दिवस, पण सगळे उन्हाळे-पावसाळे अंगावर घेऊन काळी झालेली. एकाच कापाची दोन तोंडं, आणि त्यांच्यात जन्माचं अंतर. मला वाटलं, मीही कुठंतरी फळीमागं अशीच ठेवलेली असेन, पिवळीधमक, गळ्यात भिंग, बडबडत. उघडलं तर काय करायचं तिचं? बोलू द्यायचं थोडा वेळ, दुसरं काय.

मजुरांनी दोन्ही भाग जवळ सरकवले. लाकूड लाकडाला लागलं. रेषा रेषांना भेटल्या, पण नेमक्या नाहीत. करवतीनं आपल्या जाडीएवढं लाकूड खाल्लं होतं, ते आता कुठून आणणार? भोवरा जवळजवळ पुरा झाला. मध्ये तेवढी एक उडी राहिली, आणि एक बारीक फट.

"हे मी लाखेनं भरून घेईन," व्यापारी म्हणाला. "पॉलिश मारलं की कळणारही नाही. आजी, कापल्यामुळं भाव थोडा उतरणार, बरोबर ना? पण दोन्ही मिळून देणार असाल तर मी चांगली रक्कम देतो. मालक कोण?"

आबा ओसरीवरून म्हणाले, "त्याला इचारा."

आप्पा व्यापाऱ्याकडंच बघत म्हणाले, "त्यालाच इचारा. थोरला त्यो हाय."

"त्याच्या अंगाबिगर टेबल कुठलं? त्यालाच इचारा."

"वाटं लावायचं काम त्याचं. त्यालाच इचारा."

व्यापारी बिचारा डोकं इकडून तिकडं फिरवत होता. शेवटी त्यानं माझ्याकडं बघितलं. "आजी, तुम्हीच सांगा. भाव काय धरायचा?"

सगळ्या आयुष्यात हा प्रश्न मला शेकडो जणांनी विचारला असेल. त्या बाईनं तर खाचा, लाटा, स्क्रू सगळं काढलं असतं. मी म्हणाले, "मला काय कळतंय? आबा, बैलाचा भाव कधी तोंडानं करतात का?"

आबा गुडघ्यांवर हात रोवून उठले, पायरी उतरले, आणि आपल्या अंगाला जाऊन उभे राहिले. आप्पा आपल्या अंगाला होतेच. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, एकदा झटकला, आणि टेबलावर अंथरला, बरोबर फटीवर. रुमालाखाली त्यांचा उजवा हात गेला. पलीकडून, टोपी काढून पुन्हा घालून झाल्यावर, आप्पांचाही उजवा हात गेला.

अंगणातला मिक्सर कुणीतरी बंद केला होता. रुमाल जरासा हलला. थांबला. पुन्हा हलला. उन्हात तो पांढरा कापडाचा तुकडा असा वरखाली होत होता, की जणू खाली काहीतरी श्वास घेतंय. आबांचे डोळे मिटलेले. आप्पा टेबलाकडं बघत होते, जिथं लहानपणी त्यांचं पुस्तक असायचं तिथं.

"यवढ्यालाच?" आप्पा म्हणाले.

"मग? तू सांग."

पुन्हा रुमाल हलला. या वेळी जास्त वेळ.

"न्हाई परवडत," आबा म्हणाले.

"मलाबी न्हाई."

"सौदा मोडला, बाबा," आबांनी डोळे न उघडता व्यापाऱ्याला सांगितलं. "तू चहा घिऊन जा."

सून माझ्या कानाशी लागली. "आई, किती म्हणाले असतील?"

"रुमालाखालचं विचारू नये."

घरातून चहा आला. बशा टेबलावर, रुमालाच्या दोन्ही अंगांना मांडल्या. दोघांनीही त्या डाव्या हातानं उचलल्या.